गाण्यानंतरचं हसू

मित्रांनो, कुणी माझं बटण दाबायला आलं की मी घाबरतो. केशकर्तनालयाच्या आरशाखाली ठेवलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझा पट्टा सैल पडला आहे, रबरी चाक चिकट झालं आहे, आणि आत घातलेली कॅसेट मीच गिळेन, ही धास्ती मला सोडत नाही.

कॅसेट तशी एकच आहे. मालक तरुण असताना समोरच्या घरी आठ दिवसांसाठी एक पाहुणी आली होती. रेडिओवर गिटारचं ते संथ रॉक गाणं लागलं. प्रवासात जुळलेल्या आणि स्टेशनवरच संपलेल्या प्रेमाचं. दोघांनी मला रेडिओसमोर ठेवलं आणि श्वास रोखून ते भरून घेतलं. गाणं संपलं तशी ती हसली. ते हसूही कॅसेटवर भरलं गेलं.

पाहुणी गेली, मालकांचं लग्न झालं, गाणं काही म्हातारं होईना. परवा नुकताच नोकरीला लागलेला एक जण तोंडाला फेस लावलेला असतानाच म्हणाला, "काका, परत लावा ना. माझीच गोष्ट सांगतोय हा गाणारा."

शेजारच्या खुर्चीतले पेन्शनर म्हणाले, "तुझी कसली? माझी आहे ती."

मालकीणबाई मात्र टॉवेलच्या घड्या घालत गप्प असायच्या. त्या गप्प बसण्याची मला फार भीती वाटायची.

काल व्हायचं तेच झालं. गाणं संपता संपता कॅसेटची पट्टी माझ्या चाकात गुंडाळली गेली. मालकांनी घाईने ओढली आणि ती तुटली, नेमकी गाणं आणि हसू यांच्या मध्ये. जोडायची तर एका बाजूची चार बोटं पट्टी कापावीच लागणार होती. मालकांना कात्री लावायचा धीर होईना. मालकीणबाईंनी कात्री उचलली.

"कुठली बाजू कापू?"

मालकांनी दोन्ही टोकं त्यांच्यापुढे धरली. माझी तर पाचावर धारण बसली. कात्री चालली.

"अगं, गाण्याचे शेवटचे शब्द गेले की," मालक म्हणाले.

"गाणं मोबाइलवरही मिळेल. हसू कुठून आणणार होतात?"

मग मालकीणबाईंनी पट्टी जोडली आणि कापसाने माझं चाक पुसलं, कितीतरी वेळ.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर बिघडायची वाट बघू नका. अधूनमधून पुसत जा. आमच्या पोटात कुणाचं काय आहे, ते आम्हांला सांगता येत नाही. पट्टी मी एकदा तोडली. पुन्हा तुटली, तर ते हसू वाचवायला कात्री उचलायचं बळ मालकीणबाईंना राहील का, या विचाराने मी अजून घाबरतो.