बुजवलेलं भोक

दादा माफ करायला निघाला होता. माफ करायला निघालेला माणूस कसा चालतो ते त्या दिवशी त्याच्याकडे बघून कळलं असतं. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान आणि खिशात रुमालात गुंडाळलेली एक फ्लॉपी.

धाकट्या भावाशी, म्हणजे बारक्याशी, तो बावीस वर्षं बोलला नव्हता. त्या दिवशी सकाळी बारक्याच्या बायकोचा निरोप आला, की उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे, भावोजींनी एकदा येऊन जावं. दादाने उलटा निरोप धाडला, "आधी चूक कबूल कर म्हणावं." ते ऐकून दादाच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, उद्या त्यांची छाती उघडणार, आणि तुम्ही अजून ती फ्लॉपी धरून बसलाय. समजा त्यातले फोटो निघाले, तर जाल?"

"निघाले तर माफ करून टाकीन," दादा म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस ना तो.

प्रकरण असं होतं. दोघे भाऊ मिळून अपघात झालेल्या गाड्या तपासायचे आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचे. डिजिटल कॅमेरे नुकते आलेले. यांचा कॅमेरा विटेएवढा, त्याच्या कुशीत फ्लॉपी सरकवायची, एका फ्लॉपीवर वीसेक फोटो. फोटो छापले की फ्लॉपी मोकळी. रोज सकाळी बारक्याने डब्यातल्या दहाही फ्लॉप्या कॅमेऱ्यात घालून पुसायच्या, हा दादाचा नियम. एखादी ठेवायची असेल तर तिला कुलूप लावायचं, मग कॅमेरा स्वतःच नाही म्हणतो. हाही दादाचाच नियम.

एका रविवारी दादाने तो कॅमेरा घरी आणला आणि आईचे फोटो काढले. आई फोटोला बसली की दगड व्हायची. त्या दिवशी मात्र पोट धरून हसली. कुलूप म्हणून दादाने फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या, खटक्याने बंदच असलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली, अर्धी पट्टीवर अर्धी फ्लॉपीवर अशी सही ठोकली आणि फ्लॉपी डब्यात ठेवली. बुधवारी आई गेली. तेराव्या दिवशी फ्लॉपी उघडली तर आत एका चेपलेल्या मडगार्डचे चार फोटो.

"कॅमेऱ्याने हरकतच घेतली नाही दादा. पट्टीला मी हात लावलेला नाही," बारक्या म्हणाला होता.

"काढून परत चिकटवलीस," दादा म्हणाला, आणि त्याला धंद्यातून हाकललं. फ्लॉपी कपाटात गेली, ती आजवर तिथेच होती. पुढच्याच महिन्यात दादाने कार्डाचा कॅमेरा घेतला आणि फ्लॉप्यांचं नावच टाकलं.

खराब डिस्कमधून हरवलेलं परत काढून देणाऱ्या बाईचं दुकान एका जिन्याखाली होतं. तिने फ्लॉपी साफ केली, जुन्या यंत्रात घातली. यंत्र दमेकऱ्यासारखं घरघरलं. दादा तासभर स्टुलावर बसून होता.

"काका, फोटोंच्या नावांची यादी पुसली गेली होती, पण खालचं सगळं गेलं नव्हतं. एक फोटो निघालाय, अर्धा," ती म्हणाली.

पडद्यावर आई होती. कमरेपासून खाली नुसता करडा रंग, पण वर आई तोंड उघडून हसत होती. आणि तिच्या खांद्याशी बारक्या होता, तिचा चष्मा उलटा लावून, डोळे तिरळे करून. दादाला हे आठवतच नव्हतं. आई आपल्याकडे बघून हसली, असं तो बावीस वर्षं सांगत आला होता. नाही म्हटलं तरी माफीची तयारी चांगली झाली होती.

"फक्त हिला कुलूप लावायचं राहिलं बघा," बाई सहज म्हणाली.

"राहिलं कसं? भोक बंद आहे की. वर माझी सही आहे."

"बंद आहे म्हणून तर पुसली गेली. ही छोटी फ्लॉपी आहे काका. हिचं भोक उघडं असलं की कुलूप. त्याच्या आधीच्या त्या मोठ्या, लवलवत्या असायच्या ना, त्यांची खाच पट्टीने बुजवायची. तुम्ही तिचं हिला केलंत."

दादा हसला. यंत्रांचं ज्ञान त्याला कोणी शिकवावं? मोठ्या फ्लॉप्यांवर त्याची दहा वर्षं गेली होती. बाईने वाद घातला नाही. एक कोरी फ्लॉपी घेतली, भोक बंद केलं, यंत्रात घातली. यंत्राने ती मुकाट्याने पुसली. मग भोक उघडलं आणि परत घातली. यंत्राने टूं केलं आणि नाही म्हटलं.

"परत करा," दादा म्हणाला. तिने परत केलं. त्याने तिच्या हातातून फ्लॉपी घेऊन स्वतः करून पाहिलं, एकदा, दोनदा, पाचदा. पाचही वेळा तेच. मग त्याने कोरी फ्लॉपी खाली ठेवली आणि आपली उचलली. कुलूप म्हणून त्याने दार सताड उघडं ठेवलं होतं आणि वर स्वतःची सही केली होती. नियम त्याचा, हात त्याचा, आणि धंद्याबाहेर काढलं कोणाला तर बारक्याला.

बाईने पाणी पुढे केलं. ते तसंच राहिलं. दादाने फोन लावला. आकडा दोनदा चुकला.

"हॅलो, बारक्या," तो म्हणाला.

पलीकडे श्वास ऐकू आला. मग बारक्या घाईघाईने बोलू लागला, फोन मध्येच ठेवला जाईल म्हणून घाबरल्यासारखा.

"दादा, तुझा निरोप मिळाला. मीच पुसली होती ती. पट्टी काढली, पुसली, परत चिकटवली. चूक झाली. आता कबूल केलंय ना मी? आता ये."

दादाच्या हातात फ्लॉपी होती. पट्टी जशीच्या तशी, सही कुठेही तुटलेली नव्हती.