हातभर कमी पडलेला दोर

मित्रांनो, मी काथ्याचा एक जुना दोर आहे. मालवणजवळच्या एका वाडीत, माडांखालच्या मांगरात खुंटीला लटकलेला असतो. मांगर म्हणजे जाळी, वल्ही, सरपण ठेवायची झोपडी. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. खरं सांगतो, सांगताना लाज वाटते.

मला वळलं सुगंधाने. तेव्हा ती नवी नवरी होती. खाडीच्या चिखलात कुजवलेली नारळाची सोडणं तिने बडवली, धुतली आणि तळहात सोलवटेपर्यंत मला पीळ दिला. तिचा नवरा गंगाराम मला होडीत न्यायचा. "माझ्या बायलेन वळलेलो दोर," असं चारचौघांत सांगायचा. मीही तेव्हा भारी ताठ्यात होतो.

सत्तावन्न सालच्या दिवाळीच्या तोंडावर वादळात होडी उलटली. गंगारामने एका हाताने होडीची कड धरली आणि धाकट्या भावाकडे, गणपतकडे, मला फेकलं. मी त्याच्यापासून हातभर अलीकडे पडलो. दुसऱ्यांदा फेकायला वेळच मिळाला नाही.

त्यानंतर गंगाराम बोलेनासा झाला. पुढचं ताट तसंच राहायचं. दिवस कलला की उठून सरळ समुद्रात चालू लागायचा. दोनदा त्याला गळ्याइतक्या पाण्यातून ओढून आणलं. घरातल्यांची भीती खोटी नव्हती, पण भीतीहून लाज मोठी होती. घरात लग्नाची बहीण. "लोक काय म्हणतले? झाकली मूठ सव्वा लाखाची," त्याची म्हातारी आई काशीबाई म्हणाली. वाडीत सांगितलं, गंगाराम मुंबईला गिरणीत लागला. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आणि खरा गंगाराम मांगरात. त्याच्या पायाला, मित्रांनो, मला बांधलं. गाठ सुगंधानेच मारली, डोळे मिटून.

पावणेदोन वर्षं मी तो पाय धरून होतो. "घट्ट आसा, सुटाचो नाय," अशी काशीबाई माझी तारीफ करायची. अशी तारीफ वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. गंगारामच्या घोट्यावर माझा काळा वळ उठला होता.

मग एका नारळीपौर्णिमेला शेजारचे दत्ताराम तांडेल खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आले. "गंगाराम औंदा पण इलो नाय?" त्यांनी विचारलं.

"रजा गावूक नाय," सुगंधा म्हणाली. "मुंबैतच आसत."

ते गेल्यावर ती नारळीभात घेऊन मांगरात आली. गंगारामने सगळं ऐकलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहून तोंड उघडलं.

"मी मुंबैसून कधी येतलंय गो?"

सुगंधाने ताट खाली ठेवलं. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली. मला खांद्यावर टाकलं, नवऱ्याचा हात धरला आणि मागच्या वाटेने नव्हे, खळ्यातून, सगळ्यांच्या देखत निघाली. काशीबाई तोंडाला पदर लावून दारात उभी राहिली, पण आडवी आली नाही.

किनाऱ्यावर सगळी वाडी जमली होती. "हे मुंबैक नव्हते," सुगंधा म्हणाली. "मांगरात होते. मीच बांधून ठेवलंय."

मला वाटलं, वाळू फाटून मला पोटात घेईल तर बरं.

गंगाराम खाली बघत म्हणाला, "दोर हातभर कमी पडलो. माझो गणपत गेलो."

दत्तारामांनी हातातला नारळ त्याच्या हातात दिला. "दोर कमी नाय पडलो रे. दर्यो मोठो होतो."

तेव्हा कुठे गंगाराम रडला.

या गोष्टीला सातआठ वर्षं झाली. गंगाराम होडीवर जातो, हसतोही. कधीकधी संध्याकाळी पुन्हा गप्प होतो. तेव्हा सुगंधा वाळूत त्याच्याजवळ बसून राहते. हातभर कमी पडल्याची माझी लाज दत्तारामांच्या त्या शब्दाने गेली. घोट्यावरच्या वळाची लाज मात्र अजून आहे. ती जावी असं मला वाटतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं, तर खुंटीवरच्या दोराकडे हात नेऊ नका. शेजारी जाऊन बसा. आणि कुणी विचारलं तर सांगा, तो घरातच आहे. त्याला मुंबईला धाडू नका.