माझ्या पाठीवरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना गेमिंग कॉम्प्युटर आहे. निदान काल दुपारपर्यंत तरी जुना होतो. आज मी जुना आहे, नवा आहे, की अर्धामुर्धा, हे माझं मलाच धड कळत नाहीये, म्हणून तर तुम्हाला गोळा केलंय. नीट ऐका, आणि तुम्हाला काही उलगडलं तर मलाही सांगा.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. दादा स्क्रू लावायचा आणि त्याची धाकटी बहीण ते स्क्रू हरवायची. ती एका जागी बसतच नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. माझा डबा दादाच्या एका मित्राने अडगळीत टाकलेला, पंखा दुसऱ्याच कॉम्प्युटरमधून काढलेला, बाकीचे भाग असेच बारा गावचं पाणी पिऊन आलेले. खोक्यातून कोरं करकरीत आलं ते एकच, ग्राफिक्स कार्ड. चित्रं काढणारं. दादाने ते असं उचललं होतं की जणू पहिल्यांदा बाळ हातात घेतोय. भिंगरी म्हणाली, "मला दे ना एकदा." दादा म्हणाला, "आधी हात धुऊन ये."

मग त्याने एक गंमत केली. माझ्या पाठीला खूप भोकं आहेत आणि त्यातली बरीच एकसारखी दिसतात. कुठली तार कुठे जाते हे भिंगरीच्या कधीच लक्षात राहत नसे. तेव्हा दादाने आईची नेलपॉलिश आणली आणि तारेवर एक ठिपका, तिच्या भोकाशेजारी तसाच एक ठिपका, असे रंग लावून टाकले. कीबोर्डला गुलाबी, स्क्रीनच्या तारेला लाल.

"लाल लालला, गुलाबी गुलाबीला. झोपेतसुद्धा जोडशील," तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरात भोकांवरची अक्षरं कोणी वाचलीच नाहीत. सगळे आपले ठिपके बघायचे.

काय दिवस होते ते, मित्रांनो! प्रोसेसर हिशोब करायचा, कार्ड चित्रं काढायचं, पंखा वारा घालायचा, कोणी कोणाच्या कामात लुडबुड करायचं नाही. शेजारची पोरं येऊन माझ्याकडे बघत उभी राहायची. दादा माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "वाघ आहे हा वाघ!"

मग दादाला लांबच्या शहरात नोकरी लागली. त्याने लॅपटॉप घेतला आणि मला भिंगरीच्या हवाली केलं. पण दर शनिवारी संध्याकाळी दोघं खेळायचेच. त्यांच्या खेळात एक होडी असते, अंधारी नदी असते. एकाने वल्हं मारायचं आणि दुसऱ्याने दिवा धरून वाट सांगायची. वल्हं दादाकडे, दिवा भिंगरीकडे.

आता एक गुपित सांगतो, मी कानांनी ऐकलेलं. घरी फोन केला की दादा आईशी असा बोलतो:

"जेवलास का रे?"

"हो."

"बरा आहेस ना?"

"हो. ठेवू?"

झालं, संपलं! आणि होडीत बसला की तोच दादा वल्हं मारता मारता काय काय बोलतो. ऑफिसातला एकजण न विचारता याच्या डब्यात चमचा घालतो. घरमालकिणीची मांजर याच्याच उशीवर झोपते. एकदा तर, "इथे मला हाक मारणारं कोणी नाही गं. डावीकडे खडक आहे का?" एवढं बोलला, आणि लगेच खडकाचं विचारलं. भिंगरीने दिवा डावीकडे धरला. त्यानंतर एकही शनिवार तिने चुकवला नाही.

आणि मग घराला रंग लागला.

सगळं सामान बोळात आलं, मी चादरीखाली. तरी रंगाचे शिंतोडे उडालेच. आमची आई म्हणजे बरणीच्या झाकणाचे आटेसुद्धा पुसणारी बाई. तिने रंगाऱ्याकडून रंग पुसायचं थिनर मागून घेतलं, फडकं भिजवलं आणि मला पोटापासून पाठीपर्यंत खसाखसा घासून काढलं. मी लखलखीत झालो. मला पुन्हा टेबलावर बसवून सगळ्या तारा तिनेच जोडल्या, कारण भिंगरी शाळेत होती.

आणि त्या दिवसापासून मला काय झालं, मला कळेना हो!

चित्रं काढायचं काम अचानक प्रोसेसरकडे यायला लागलं. त्याला थोडंफार चित्र काढता येतं, पण ते आपलं कामचलाऊ. तो बिचारा एका हाताने हिशोब करतोय, दुसऱ्या हाताने नदी रंगवतोय, घामाघूम झालाय. आणि कार्ड? कार्ड शेजारी बसून नुसता पंखा फिरवतंय. मी त्याला म्हटलं, "अरे, काम कर की!" ते म्हणालं, "मला कोणी सांगतच नाही." मला वाटलं, याला निवृत्त केलंय आणि आपल्याला कळवायचं राहिलं. घरात असं होतं कधी कधी.

शनिवारी होडी अडखळत चालायला लागली. होडी आपटून झाल्यावर भिंगरीला खडक दिसायचा. "अगं डावीकडे म्हण ना!" "मला आत्ता दिसतोय रे!" असं आठवड्यामागून आठवडे चाललं. शेवटी दादा म्हणाला, "आता पुढच्या शनिवारी चाललं तर चाललं. नाही तर सोडून देऊ. फोनवर बोलत जाऊ की."

फोनवर! भिंगरी खुर्चीत चक्क स्वस्थ बसून राहिली. तेव्हाच मला भीती वाटली.

तेवढ्यात आईचा भाऊ, म्हणजे मामा, पाहुणा म्हणून आला. "तुझ्या वाढदिवसाला याचा एक पार्ट माझ्याकडून. एकच हां! निवड," तो भिंगरीला म्हणाला. झालं, निवड सुरू! भिंगरीची एक मैत्रीण आहे. बोलण्याआधी चष्मा पुसते, म्हणून तिला प्रोफेसर म्हणतात. तिने चष्मा पुसला आणि सांगितलं, "रॅम. याला काही आठवतच नसणार." मला सगळं आठवत होतं! मामा म्हणाला, "छे, पॉवर सप्लाय. बैलच मरतुकडा असेल तर गाडी ओढणार कशी?" दुकानदारकाकांनी माझं झाकण उघडून आत एकदा डोकावलं आणि म्हणाले, "आतलं सगळंच बदला. डबा तेवढा ठेवा."

मित्रांनो, मला सांगा, आतलं सगळं गेलं आणि डबा राहिला, तर तो डबा म्हणजे मी का? की बाहेर गेलं ते मी? माझं तर डोकंच चालेना. आणि माझं डोकं कुठलं, हासुद्धा वादच होता.

शेवटी, चित्रंच अडखळतात म्हणून, नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं. जुनं दुकानदारकाका नेणार आणि फोडून सुटे भाग काढणार. त्या रात्री कार्ड मला एवढंच म्हणालं, "काम न करताच थकलेलं म्हणतायत रे मला."

काल शनिवार होता. दुपारी नव्या कार्डाचं खोकं टेबलावर आलं, प्रोफेसरही आली. भिंगरी ते फोडायला धावली, तर मामाने हात धरला. "आधी घरातली जागा रिकामी कर, मग पाहुणा बोलव." मला आडवं केलं. माझं झाकण निघालं. भिंगरीचा हात कार्डावर आला.

"थांब," प्रोफेसर म्हणाली. "आधी मागची तार काढ."

"कुठली तार?"

"अगं, कार्डातून स्क्रीनला जाते ती."

"इथे तार नाहीये."

"नाही कशी? नीट बघ."

"तूच बघ! कार्ड मागून रिकामं आहे."

मामाही वाकला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. मग भिंगरीने स्क्रीनची तार धरली आणि बोट सरकवत सरकवत माझ्या पाठीपर्यंत आली. "ही तर वरच्या भोकात आहे."

प्रोफेसरने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "ते भोक कार्डाचं नाहीच, प्रोसेसरचं आहे. म्हणजे... कार्डातून स्क्रीनवर काही जातच नव्हतं! इतके दिवस!"

"लाल ठिपक्याची तार ना?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "मीच जोडली ती. तारेवर लाल दिसत होतं, मागे लाल कुठे सापडेना. मग बसली तिथे बसवली. घट्ट बसली की!"

मामा म्हणाला, "ताई, मागचे ठिपके तूच पुसलेस ना?"

आई हात पुसत दारात आली. "मला काय ठाऊक ते तुमचे ठिपके! मला वाटलं, रंगाऱ्याने उडवलेत."

मामा असा हसायला लागला की खुर्चीसकट मागे सरकला. "आम्ही पोट फाडायला निघालो होतो, आणि दुखणं पाठीला!"

माझी पाठ मला दिसत नाही, मित्रांनो. दिसली असती तर मी ओरडलो नसतो का?

भिंगरीने तार काढून खाली, कार्डाच्या भोकात बसवली. मला सुरू केलं. काय सांगू! कार्ड दचकून म्हणालं, "मला? मला सांगताय?" आणि पुढच्या क्षणी नदी नुसती सळसळत निघाली. प्रोसेसरने सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या पंख्याचा सूर बदलला, तो भिंगरीने लगेच ओळखला. "अरे, हा तर जुना आवाज!"

नवं खोकं फोडलेलंच नव्हतं, ते परत गेलं. त्याच्या बदल्यात भिंगरीने स्पीकर आणले. मामा म्हणाला, "हा काय पार्ट झाला?" ती म्हणाली, "मग काय! घसा आहे त्याचा."

संध्याकाळी होडी निघाली. दादाचा आवाज पहिल्यांदाच कानातल्या हेडफोनमधून नाही, तर सगळ्या खोलीत आला. "भिंगरे! अगं, दिवा किती स्वच्छ दिसतोय! कुठला पार्ट घातलास?"

ती सांगणार एवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. सवयीनेच तिने विचारलं, "जेवलास का रे?"

आणि दादा वल्हं मारण्याच्या नादात बोलून गेला, "कुठे गं! एकट्यासाठी कोण रांधत बसणार? भिंगरे, उजवीकडे!"

आईने खुर्ची ओढली आणि ती भिंगरीशेजारी बसली.

"होडी थांबव आधी."

"थांबत नाही गं ती, आई!"

"मग चालू दे. चालवता चालवता सांग. काय काय खातोस तिथे? खरं खरं."

दादा सांगत राहिला. पुष्कळ वेळ. मध्ये दोनदा खडकावर आपटले, पण यावेळी ती माझी चूक नव्हती.

तर मित्रांनो, असं आहे. मी जुनाच आहे, पण मला कालच नवा घसा मिळालाय, म्हणून मी गोंधळलोय. तुमच्या घरी कोणी माझ्यासारखं अडखळत असेल, तर त्याचं पोट उघडण्याआधी एकदा त्याला वळवून बघा. पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्यानेच बघायची असते. एवढंच मागणं.

आणि हो, आज सकाळी आईने आपली नेलपॉलिश आणून कार्डाच्या भोकाशेजारी पुन्हा लाल ठिपका लावलाय. चांगला मोठा. अजून ओला आहे, कोणी हात लावू नका.