आनंदरावाचे लाल कान

हिंगण्याच्या त्या कारखान्यातली भट्टी सणावारालाही विझत नसे. दसऱ्याला तिच्यापाशी कोण थांबणार, हे तिथले तिघे कामगार जेवणाच्या सुट्टीत तीन पत्ती खेळून ठरवायचे. पैशांऐवजी चिंचोके. भोंगा वाजेल तेव्हा ज्याच्याजवळ सगळ्यांत कमी, त्याने भट्टीवर मरायचं. सलग दोन दसरे आनंदरावच मरत होता.

आणि दसरा म्हणजे त्याच्या घरचा सगळ्यांत मोठा दिवस! जिथे दसऱ्याच्या दिवशी लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर जायला त्याची म्हातारी माय उमरेडहून एसटीने यायची. गेल्या साली मुलगा भट्टीवर, म्हणून ती एकटीच गर्दीत धक्के खात फिरली. ते आठवलं की आनंदरावाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खोट त्याच्या कानांत होती. चांगले पत्ते आले की कान लालबुंद. तिघांतला रुपराव तेवढंच बघायचा. कान लाल दिसले की पत्ते टाकून मोकळा. नाही दिसले की चिंचोक्यांवर चिंचोके लावून आनंदरावाला पळवून लावायचा. वर हसायचा. शुद्ध हलकटपणा!

"मंग तुम्ही पत्ते पाह्यताच काहून?" आनंदरावाची बायको प्रेमिला घरी म्हणाली. खरंच की! न पाहता खेळायची मुभा होतीच. उलट न पाहणाऱ्याने एक चिंचोका टाकला, तर पाहणाऱ्याला दोन टाकावे लागत.

यंदाच्या दसऱ्याचं ठरायचं होतं, त्या दुपारी आनंदरावाने पत्ते पालथेच ठेवले. तिसऱ्या गड्याने, लहानूने, लवकरच हात टेकले. रुपरावाने आपले पत्ते पाहिले आणि मिशीतल्या मिशीत हसत तो दोन-दोन टाकत राहिला.

"काहून जीव काढून राहिला गा?" तो म्हणाला. "बस ना भट्टीवर. दीक्षाभूमी काय पळून चालली? अन् तुही माय हरपली गर्दीत, तर हरपली. म्हातारीचं आता काय कामच हाये?"

आनंदरावाचं डोकं भणाणलं. त्याने आणखी एक चिंचोका टाकला. कान मात्र पेटले होते.

रुपरावाचा हात थबकला. समोरचे पत्ते पालथे आहेत, हे त्याला धडधडीत दिसत होतं. पण दोन वर्षांची सवय! लाल कान दिसले आणि त्याने पत्ते टाकले. सगळा ढीग आनंदरावाकडे गेला. तेवढ्यात भोंगा वाजला. सगळ्यांत कमी चिंचोके आता रुपरावाजवळ होते.

रुपरावाने झडप घालून आनंदरावाचे पत्ते उलटे केले. दुर्री, पंजा, सत्ती. त्याने स्वतः टाकली होती ती बादशहाची जोडी.

"फसवलं गा तू मले!" तो ओरडला. "मंग कान कायले लाल केले?"

"कान खोटं नाही बोलले, रुपराव," चिंचोके तिथेच सोडून उठत आनंदराव म्हणाला. "माह्या मायवर बोलला होता तू."