धूळमापकाची काळजी

चाळीस मापनांत एकही मोठा आकडा नव्हता. मनमोहन विजयकरांना पहिली शंका आली ती तिथेच. कार्ड खात्यात कापूस विंचरला जातो आणि चार हातांवरचा माणूस धूसर दिसतो. तिथे एका घनमीटर हवेत धूळ निघाली होती शून्य पूर्णांक चार मिलिग्रॅम. विणकाम खात्यातही शून्य पूर्णांक चार. गिरणीच्या दवाखान्यात शून्य पूर्णांक तीन. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो.

विजयकर फणसवाडीचे, पदार्थविज्ञानाचे एम.एस्सी. सरकारच्या एका खात्याचे विज्ञान-तंत्रज्ञान विषयक धोरण आखण्याचे काम दोन वर्षांपूर्वी, द्वैभाषिक राज्य झाले तेव्हा, त्यांच्याकडे आले होते. परळच्या कचेरीत त्यांचे टेबल होते आणि टेबलावर धोरणाचा मसुदा. त्यातले सातवे प्रकरण गिरण्यांतील धुळीचे. धूळ मर्यादेबाहेर निघाली, तर धूळ ओढून घेणारे पंखे प्रत्येक गिरणीला सक्तीचे होणार होते. आत निघाली, तर ‘परिस्थिती समाधानकारक’ असा शेरा पडून पाच वर्षे त्या हवेकडे कोणी फिरकणार नव्हते. मसुदा सोमवारी सचिवांकडे जायचा होता.

त्यांनी मापने घेणाऱ्या सहायकाला बोलावले.

“रघुवीर, ही मापनं कुठं घेतलीत?”

“गिरणीत, सर.”

“गिरणीत कुठं?”

“आवारातच, सर. प्रत्येक तक्त्यावर मॅनेजरची सही आहे.”

“मी सही विचारली नाही. चला, धूळमापकाची पेटी घ्या.”

लालबागच्या त्या गिरणीच्या भिंतीवर चुन्याने ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असे हातभर अक्षरांत लिहिले होते. मॅनेजरने कोकम सरबत मागवले. विजयकरांनी त्याला हात लावला नाही आणि ते थेट कार्ड खात्यात शिरले. आत श्वास घेताक्षणी घशात लोकरीसारखे काही अडकले. यंत्रांवर, खांबांवर, माणसांच्या भुवयांवर पांढरी लव साचलेली. कोपऱ्यात थुंकीचे गोळे पडले होते आणि त्यांवरही तीच लव चढली होती. विजयकरांनी रुमाल नाकाशी नेला. मग आजूबाजूला एकाच्याही नाकाला रुमाल नाही हे पाहून तो खिशात घातला, आणि त्या घालण्याचीही त्यांना किळस आली.

गणपत नावाचा वयस्क कामगार यंत्रापाशी उभा होता. वाक्य संपायच्या आत त्याला दम लागत होता.

“ही पेटी पाहिलीत कधी?” विजयकरांनी विचारले.

“पायली तर! मॅनेजराच्या खोलीत होती. पंख्याखाली. पयल्या दिवशी तिका हारसुद्धा घातलेलो.”

“इथं आणली नाही?”

“हय? नाय ओ सायबानू. आमका वाटला, ती थंयसूनच हवा खेचता.” गणपत हसला आणि हसता हसता खोकू लागला. “रविवारी बरा वाटता. सोमवारी पयल्या तासाक छाती अशी आवळता, जसो कोणी दोर बांधलो. आमचा राज्य झाला की पंखे लागतले मां?”

पुरावा नसताना होकार देण्याची विजयकरांना सवय नव्हती. ते रघुवीरकडे वळले.

“चाळीस मापनं. चाळीसही मॅनेजरच्या खोलीत?”

“सर, माझा काय दोष?” रघुवीरने पेटीच्या झाकणाच्या आतून एक घडी केलेले परिपत्रक काढले. “हे वाचा ना.”

‘सदर उपकरण परदेशी व नाजूक असल्याने ते धूळ, ओलावा व उष्णता यांपासून कटाक्षाने दूर ठेवावे. कसूर झाल्यास संबंधित कर्मचारी जबाबदार धरला जाईल.’

खाली सही होती. म. वि. विजयकर.

उपकरणासोबत आलेल्या पुस्तिकेतला साठवणुकीचा भाग त्यांनी एका दुपारी भाषांतरित केला होता आणि वाचून न पाहता सही ठोकली होती. धूळमापक धुळीपासून दूर ठेवावा. खात्यातल्या अकरा टेबलांवरून तो कागद फिरला होता, अकरा जणांनी आद्याक्षरे केली होती आणि एकालाही हसू आले नव्हते.

“पेटी उघडा,” ते म्हणाले. “इथं.”

“सर, यंत्र बिघडलं तर?”

“सही माझी आहे.”

तासाभरात यंत्राचा पंप कुथू लागला आणि बंद पडला. दुसऱ्या दिवशी यंत्रातला, धूळ साचलेला गाळणकागद तोलला. घनमीटरला सहा पूर्णांक आठ मिलिग्रॅम.

शनिवारी उपसचिव वीरेंद्र तळपद्यांनी तो कागद चिमटीत धरून पाहिला. “शी! ही घाण फाईलमध्ये कशाला लावलीत, मनमोहनराव?” त्यांनी घंटी वाजवली. शिपायाने फडके आणून टेबल पुसले आणि गाळणकागद केराच्या टोपलीत टाकला.

“ते मापन होतं,” विजयकर म्हणाले.

“एक. तिकडे चाळीस आहेत. सही-शिक्क्यानिशी! तुम्हीच सांगता ना, एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये म्हणून?” तळपदे खूश होऊन मागे रेलले. “शिवाय यंत्र तुम्ही मोडलंत, आता दुसरं मापन होणे नाही. अहो, हे राज्यच किती दिवसांचं! कोण वाचणार आहे? सातव्या प्रकरणावर सही करा आणि घरी जा. शनिवार आहे.”

“एक वाक्य घालतो.”

“घाला की. पान बदलायला कितीसा वेळ लागतो?”

विजयकर आपल्या टेबलाशी परतले. एका पानावरचे वाक्य टिकणार नाही, हे तळपद्यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. त्यांनी चाळीस तक्ते समोर ओढले. प्रत्येकावर मॅनेजरची आणि रघुवीरची अस्सल सही होती. सोमवारपर्यंत नवे तक्ते बनणे शक्य नव्हते आणि तक्त्यांशिवाय ‘समाधानकारक’ हा शब्द लिहिता येत नव्हता.

त्यांनी टाक शाईत बुडवला आणि पहिल्या तक्त्याच्या आकड्यावरूनच आडवे लिहिले: ‘हे मापन व्यवस्थापकांच्या खोलीत, पंख्याखाली, माझ्या चुकीच्या आदेशावरून घेतले आहे.’ खाली सही केली, तारीख घातली आणि दुसरा तक्ता घेतला.

कचेरी रिकामी झाली. दारातून रघुवीर घुटमळत आत आला.

“सर, किती झाले?”

“सतरा.”

रघुवीर खुर्ची ओढून बसला आणि लिहून झालेल्या तक्त्यांवर टीपकागद दाबू लागला.

विजयकरांच्या घशात गुरुवारपासून काहीतरी खवखवत होते. ते खोकले, रुमालात पाहिले आणि अठरावा तक्ता घेतला.