रुद्रप्पाच्या तोंडातच राहिलेला निरोप

मी एक दगड बोलतोय. काळा, मुठीत मावेल एवढा, एका बाजूला धार असलेला.

माझा जन्मच घावातून झाला. बहात्तरच्या दुष्काळात मोडनिंबजवळ सरकारी काम निघालं होतं. तिथं कस्तुराबाई आणि तिचा मुलगा बाळासो खडी फोडायचे. बाळासो सोलापूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या घणाखाली मी कातळापासून तुटलो. माझ्याच धारेनं त्याचा अंगठा फाडला. त्यानं माती चोळली आणि पुन्हा घण उचलला.

पुढं ट्रकमधून मी त्याच कॉलेजात आलो. नव्या इमारतीसाठी आमचा ढीग प्राचार्यांच्या खिडकीखाली ओतला.

प्राचार्य विरुपाक्ष सर नवीन होते, हुशार आणि करारी. मार्चमध्ये त्यांनी नोटीस लावली. हजेरी कमी असलेल्यांना परीक्षा बंद. खाली एकशे बारा नावं, त्यात बाळासोचंही.

महानंदाबाई इंग्रजी शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "सर, यातली निम्मी मुलं खडी फोडत होती. एकदा बोलावून विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? नोटीस लावलीय ना."

चार दिवस मुलं दार वाजवत राहिली. शिपाई रुद्रप्पा सांगायचा, "सर कामात हायेत. अर्ज ठिवा की." आत सर खिडकीशी नुसते उभे असत. मला दिसत होते.

पाचव्या दिवशी ढिगावर हात पडले. काचा फुटल्या. हेडक्लार्कला गचांडी धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. नोटीस बोर्ड उपटून पेटवला. तेव्हा कुठं सर म्हणाले, "रुद्रप्पा, त्यांना सांग, पाच जण आत या. मी भेटतो."

रुद्रप्पा हात वर करून बाहेर, खिडकीपुढं आला. तोंड उघडलं. तेवढ्यात बाळासोनं मला खिडकीच्या रोखानं भिरकावलं होतं.

मी रुद्रप्पाच्या डाव्या डोळ्यावर बसलो. आतलं हाड फुटलेलं मला कळलं. रक्तासकट मी त्याच्या पायाशी पडलो.

सगळे पळाले. बाळासो पळाला नाही. रुद्रप्पाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पोलिसांनी तिथंच त्याला लाठ्यांनी झोडपलं. हात मोडेपर्यंत. सर धावत आले, "मारू नका" म्हणत राहिले. कुणी ऐकलं नाही.

खटला चालला. दगड कुणी मारला, असं सरांना विचारलं.

"या मुलानं," सर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "चार दिवस तो माझं दार वाजवत होता. मी आत रिकामाच होतो."

"विचारलं तेवढंच सांगा," वकील म्हणाले.

बाकीच्या मुलांना परीक्षेला बसू दिलं. बाळासोला सहा महिने सजा झाली. त्या दिवशी कस्तुराबाई रुद्रप्पाच्या पाया पडायला वाकली. त्यानं तिला धरलं आणि विचारलं, "लेकराचा हात बसला का नीट?"

मी अजून कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे, अंगावर लाखेचं सील घेऊन. कधी बाहेर काढलंत, तर एवढं करा. मला खोल पुरा. कुणाच्या हाताला लागेन, असा ठेवू नका.