भांडून मिळवलेली शांतता

भोंगाताईचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. बस डेपोत गाड्यांची घोषणा करणारी ती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाची पिशवी बाकावर राहिली, पोराचं बोट धरा, दारात लोंबकळू नका, हे सगळं ती इंजिनांच्या घरघरीवर आवाज चढवून सांगायची आणि गाव मुकाट ऐकायचं. तिला उलट उत्तर द्यायची हिंमत एकाच माणसाची होती, तिच्या नवऱ्याची. तो डेपोतलाच ड्रायव्हर. तिनं त्याच्या गाडीची घोषणा केली की तो हॉर्न वाजवायचा, ती माइकवरून उत्तर द्यायची, आणि फलाटावरची माणसं हसायची.

आज त्याच बाईचं तोंड पडद्यावर हलत होतं आणि आवाज म्हणून काही येत नव्हता.

धाकट्या भावाची खोली लाँड्रीच्या वर होती. खालून इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची, म्हणून त्यानं चित्रपट जोडायच्या मशीनखाली जुनं ब्लँकेट पसरलं होतं. धाकटा माहितीपट बनवायचा. म्हणजे कर्ज काढून खऱ्या माणसांना बोलतं करायचा, आणि मग ते बोलणं कुणी दाखवू देईना म्हणून दारोदार फिरायचा.

"काय रे, मशीन बिघडलं का?" ताईनं विचारलं.

"नाही ताई."

"मग मला मुकी का केलीस?"

धाकट्यानं मान वर केली नाही. "मंडळानं सांगितलंय. टाकीचा विषय निघेल तिथे आवाज बंद. कंपनीचं नाव येईल तिथे बंद. त्या दिवशीच्या घोषणेचं तर पूर्णच बंद. तरच प्रमाणपत्र."

"आणि तू केलंस."

"नाहीतर लागलाच नसता गं चित्रपट! दिसतेस तरी तू. आधी ते तुला दाखवायलाच तयार नव्हते."

"दिसते! दुकानातला पुतळाही दिसतो."

"तुला माहीत नाही मी किती भांडलोय ते. तुझ्या तोंडावर ते व्हायोलिन टाकणार होते. रडकं. मी म्हटलं, मरून जाईन पण व्हायोलिन लावणार नाही. बैठकांमागून बैठका झाल्या. शेवटी झुकले. व्हायोलिन नाही, नुसती शांतता."

"म्हणजे तू भांडून शांतता मिळवलीस?"

"हो."

"वा रे माझ्या शूरवीरा! लोक भांडून जमीन मिळवतात, हक्क मिळवतात. माझ्या भावानं भांडून काय आणलं, तर काहीच नाही. आणि तेही छाती फुगवून."

"तुझं काय जातं बोलायला?"

"बोलणंच तर गेलंय माझं!" ती उठली. "पहिल्या खेळाला मी येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही खुर्चीवर बसून? मला नाही परवडत."

जिना उतरताना तिनं कठडा इतका आवळला की खाली लाँड्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून वर पाहिलं.

हे मंडळ कोण आणि कंपनी कोण, ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे आडपडदा नको. गावाबाहेरचा रसायनांचा कारखाना परदेशातल्या एका बड्या समूहानं विकत घेतला. मग त्याच समूहानं स्टुडिओ घेतले. चित्रपट गावोगावी पोचवणाऱ्या संस्था घेतल्या. शेवटी टॉकीज घेतली, पोस्टर चिकटवायच्या भिंतीसकट. आता कॅमेरा त्यांच्याकडून भाड्यानं घ्यायचा, पडदाही त्यांच्याकडूनच मागायचा, आणि चित्रपट त्यांच्याविरुद्ध काढायचा! चित्रपटांना प्रमाणपत्र देणारं मंडळ सरकारी होतं, असं पाटीवर लिहिलेलं होतं. पण मंडळातून निवृत्त झालेला माणूस समूहाचा सल्लागार व्हायचा आणि समूहाचा सल्लागार पुढच्या वर्षी मंडळावर बसायचा. खुर्ची एकच, पाट्या दोन. 'सल्लागार' हा शब्दही मोठा गुणी आहे. हुकूम द्यायचा आणि सल्ला दिला म्हणायचं.

आणि टाकीचं असं झालं. कारखान्यातली एक टाकी सकाळपासून गळत होती. दुसऱ्या पाळीचे कामगार डेपोत गाडीसाठी जमले, पण वास गावापर्यंत आला होता. कुणी गाडीत चढेना. तेव्हा कंपनीचा एक माणूस भोंगाताईच्या काचेच्या खोलीत शिरला आणि घोषणा झाली. गाडी भरून गेली. त्या गाडीतली निम्मी माणसं परत आली नाहीत. ड्रायव्हर परत आला नाही. कंपनीनं नंतर सांगितलं, घोषणा झालीच नव्हती. पाळी बंद असल्याचं कळवलं होतं, कामगार आपल्या मर्जीनं आत घुसले. चौकशी समितीनं माना डोलावल्या. मेलेल्यांवरच ठपका ठेवला, म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त सुटाबुटातल्या.

घोषणा झाली होती, आणि ती कुणी केली, हे जवळून पाहिलेली एकच बाई जिवंत होती. ती चित्रपटात बोलली होती. तेवढंच बंद होतं.

दोन-चार दिवसांनी समूहाचा सल्लागार स्वतः डेपोत आला. इस्त्रीचा शर्ट, हलका अत्तराचा वास, बोलणं साखरेत घोळवलेलं. काचेच्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो उभाच राहिला.

"ताई, पहिल्या खेळाला आपली उपस्थिती आमच्यासाठी मोलाची आहे."

"उपस्थिती म्हणजे नुसतं बसायचं ना? आवाज नको."

तो हसला. "आमचा समूह टीकेचं स्वागत करतो. आमच्याच टॉकीजमध्ये आमच्यावरचा चित्रपट! दुसरं कोण दाखवेल हे धाडस?"

"जेवण काढून घ्यायचं आणि ताट दिलं म्हणून मिरवायचं. थांबा जरा." तिनं माइकचं बटण दाबलं, एका म्हातारीची छत्री चौकशी खिडकीत असल्याचं गावाला सांगितलं आणि बटण सोडलं. "हं. बोला."

"मी तुमच्या भल्याचं सांगतो. समितीनं तर निर्वाळा दिलेलाच आहे. आता तुमच्या भावाच्या चित्रपटातही त्याविरुद्ध एक शब्द नाही. उद्या कुणी विचारलं तर आम्ही म्हणू, टीकाकारांचा चित्रपट पाहा, त्यातही घोषणेचा उल्लेख नाही. विषय कायमचा संपला. तुम्हालाही शांतता मिळेल."

बाहेर एक गाडी मागे घेत होते आणि कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता. ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे नुसतं तोंड बंद करणं नव्हतं. तिचं बंद तोंड आता साक्षीला उभं करणार होते, कंपनीच्या बाजूनं.

"येते मी," ती म्हणाली. "पण पहिली रांग नको. मान दुखते. मधली द्या."

रविवारी दुपारी टॉकीज गच्च भरली. पहिल्या रांगेत समूहाची माणसं, त्यांच्यामागे वार्ताहर. मधल्या रांगेत ताई, एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला बोळका. बोळका म्हणजे कारखान्यातला जुना फिटर. दात एक नाही आणि जिभेला हाड नाही. त्याचंही बोलणं चित्रपटात दोनदा कापलं होतं.

"आपल्याला का बोलावलंय गं?" त्यानं विचारलं.

"शोभेला."

"मला? शोभेला?" बोळका खूश झाला.

चित्रपट सुरू झाला. कारखान्याचं कुंपण, वाळलेली झाडं, डेपो. मग ताईची काचेची खोली. ताई पडद्यावर कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेली, मागच्या काचेतून गाड्या येता-जाताना दिसत होत्या. तिनं तोंड उघडलं आणि टॉकीजभर शांतता पसरली. अशी, की कुणाच्या तरी घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

ताई उठायचंच ठरवून आली होती. पण तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला एवढं मोठं पाहिलं. अगंबाई, एवढी म्हातारी झाले मी? केस असे कुणी विंचरतं? असं म्हणेपर्यंत वेळ निघून गेली. ती धडपडत उठली, "त्या दिवशी कंपनीचा माणूस..." म्हणाली, आणि पडद्यावर धडाडत मालगाडी आली. ताईचं बोलणं मालगाडीखाली सापडलं.

"वरातीमागून घोडं!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. पहिल्या रांगेतून सल्लागारानं वळून पाहिलं आणि तोही मंद हसला.

"खाली बस ताई," धाकटा कुजबुजला. "उगाच हसं होईल."

ती बसली. कान तापले होते. पण तिला आपली चूक कळली होती. डेपोत ती कधी स्वतःच्या तोंडाकडे बघून बोलते का? ती गाड्यांकडे बघून बोलते. गाडी मागे येताना थांबायचं, इंजिन बंद झालं की सुरू करायचं. कॅमेऱ्यासमोरही, पाठीमागच्या इंजिनांच्या आवाजावरून, ती तशीच बोलली होती, सवयच ती. मंडळानं तिचे शब्द काढले होते, पण मागच्या गाड्या काढायच्या राहिल्या होत्या.

पुन्हा तिची खोली आली. पुन्हा शांतता. या वेळी ताई स्वतःकडे बघत नव्हती. काचेमागे लांब लाल गाडी हळूहळू मागे येत होती. गाडी थांबली. ताई उभी राहिली आणि डेपोतल्या आवाजात, माइकशिवाय, बोलली.

"त्या माणसानं मला कागद दिला. म्हणाला, वाचा. दुसरी पाळी नेहमीप्रमाणे आहे, टाकी दुरुस्त झाली. मी म्हटलं, नेहमीप्रमाणे असेल तर सांगायचं कशाला? पाळीच्या गाडीची घोषणा मी कधी करत नाही. तिला कुणी चुकत नाही."

पडद्यावरचं तोंड आणि टॉकीजमधला आवाज एकमेकांत चपखल बसले. पहिल्या रांगेतलं हसू विझलं. पडद्यावर हिरवी गाडी आडवी गेली. ताई थांबली. गाडी गेली.

"मी वाचलं नाही. त्यानं माझ्या हातातला माइक हिसकावला आणि स्वतः बोलला. लोकांना वाटलं, डेपो सांगतोय. डेपोवर लोकांचा विश्वास होता. कंपनीवर नव्हता, म्हणून तर तो माझ्याकडे आला! गाडी भरली. गाडी माझा नवरा चालवत होता. जाताना त्यानं हॉर्न दिला, नेहमीसारखा. मी उत्तर दिलं नाही. माइक माझ्याकडे नव्हता."

पडद्यावरच्या ताईनं तोंड मिटलं. त्याच क्षणी हिनंही.

आता कुणी हसत नव्हतं. वार्ताहर खुर्च्यांत वळून तिच्याकडे बघत होते. सल्लागार उठेपर्यंत पडद्यावर बोळका आला, तोंड हलवत, बिनआवाजाचा.

खरा बोळका ताडकन उभा राहिला. "मी तेव्हा काय बोललो ते मला आता आठवत नाही!" तो ओरडला. "पण त्या टाकीची झडप सडलीय हे मी साहेबाला त्याच्या टेबलावर झडप आपटून सांगितलं होतं! साहेब म्हणाला, टेबलाला ओरखडा पडला! हे बोललो होतो की नाही माहीत नाही. नसेन बोललो तर आता बोललो!"

टॉकीजमध्ये हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या.

"बंद करा! दिवे लावा!" सल्लागार ओरडला. दिवे लागले, पडदा पांढरा पडला. तो खुर्च्यांमधून वाट काढत धाकट्यापाशी आला. साखर सगळी विरघळली होती. "बहिणीला आवरा. हा प्रमाणपत्राचा भंग आहे. पुन्हा चित्रपट काढायचाय ना तुम्हाला या देशात?"

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, तुला हवं ते कर अशी समोर बघत होती. तो उठला. पुढच्या खुर्चीची पाठ धरून तो सल्लागाराकडे वळला.

"साहेब, प्रमाणपत्र चित्रपटाचं आहे," तो म्हणाला. "तुम्ही जे बंद करायला सांगितलं ते बंद आहे. पुन्हा लावून तपासा. ही माझी बहीण आहे. तिला मंडळानं पास केलेलं नाही."

"तिला पास-नापास करणारा अजून जन्मायचाय," बोळका म्हणाला.

सल्लागार काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. "ताई, माझा मुलगा पण त्याच गाडीत होता. तो खिडकीशी बसला होता का गं? तू पाहिलंस का?"

आणि ताईनं पांढऱ्या पडद्यासमोर, भर उजेडात, बाकीचं सगळं सांगितलं. कुणी उठलं नाही. पहिली रांग मात्र रिकामी झाली.

याची किंमत चुकवावी लागली, ती लागलीच. टॉकीजनं चित्रपट दुसऱ्याच दिवशी उतरवला. डेपोनं ताईला माइकवरून काढून हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं, छत्र्या, डबे आणि एका पायाच्या चपलांमध्ये. पण प्रमाणपत्र कुणाला रद्द करता येईना, कारण चित्रपटात खरोखरच काही नव्हतं! आणि वार्ताहरांनी आपलं काम केलं होतं. दुसऱ्या गावांतून विचारणा येऊ लागली. शाळेचं सभागृह आहे, चालेल का? कामगार संघटनेचं गोदाम आहे, चालेल का? सगळ्यांची अट एकच, चित्रपटाबरोबर भोंगाताई हवी. सुट्टीच्या दिवशी दोघं भावंडं गाडी पकडून निघायची. ताई उभी राहायची, मागच्या गाड्या बघत बोलायची. गावागावांत नाक दाबलं होतं, आता तोंडं उघडत होती.

एके दिवशी धाकटा धापा टाकत सामानाच्या खोलीत आला.

"मंडळाचा फोन आला होता. नवा हुकूम. शांतता चालणार नाही म्हणतात! शांततेमुळे लोकांच्या भावना भडकतात. सगळ्या मोकळ्या जागी व्हायोलिन घाला, नाहीतर प्रमाणपत्र परत. ताई, मी सोडणार नाही. पुन्हा भांडतो. कोर्टात जातो..."

ताई एका बेवारशी छत्रीची काडी सरळ करत होती. तिनं छत्री उघडून पाहिली, मिटली, आणि खुंटीला टांगली.

"कशाला? लाव की व्हायोलिन."

"ताई?"

"अरे, हयात गेली माझी डिझेलच्या इंजिनांवर आवाज चढवण्यात. व्हायोलिन म्हणजे असं काय मोठं लागून गेलंय? त्यांना म्हणावं, ढोल लावा हवं तर." ती उठली आणि पिशवी खांद्याला लावली, कारण गोदामातल्या खेळाची गाडी सुटायची वेळ झाली होती. "फक्त एक सांभाळ. मागच्या गाड्यांना कुणाला हात लावू देऊ नकोस."